बुडाला अक्षरं असलेली गोळी

इथल्या मराठी मंडळात कोणी मला "तू काय करतेस?" असं विचारलं की मी "अँटिक्स" म्हणून मोकळी होते. पुढचा प्रश्न सहसा येत नाही. एकदाच खरं सांगून पाहिलं होतं, की मी जुन्या गोळ्या ओळखते आणि त्यांची किंमत ठरवते. समोरच्या काकूंनी लगेच पर्समधून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली. "ही बघ गं, एक्स्पायरी वाचता येत नाहीये." मी वाचून दिली. पट्टीचा काही दोष नव्हता, काकूंना चष्मा हवा होता.

तेव्हा आधीच सांगते, या लेखातल्या गोळ्या बंदुकीच्या आहेत.

मी इथेच, आखातात वाढले. शाळा इंग्रजी, मैत्रिणी मल्याळी आणि सिंधी, मराठी फक्त घरात. आईशी पूर्ण वाक्यांत आणि बाबांशी अर्ध्या. हा लेख माझा, ऱ्हस्व-दीर्घ आईचे. कॉलेज संपल्यावर एका बिल्डर कंपनीत लागले होते. न बांधलेल्या इमारतींची माहितीपत्रकं लिहायचं काम होतं. त्या इमारती आजही न बांधलेल्याच आहेत. २००८ च्या शेवटी आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटला एका मीटिंगला बोलावलं, आणि मीटिंग संपली तेव्हा डिपार्टमेंट नव्हतं. माझा व्हिसा बाबांच्या नावावर होता, त्यामुळे मला घरी जाऊन रडता आलं. बाकीच्यांना घरी जाऊन सामान बांधायचं होतं.

बाबा ज्यांचे हिशेब बघायचे त्या युसुफभाईंचं देऱ्यात, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, दुकान आहे, सोन्याच्या बाजारामागच्या गल्लीत. जुनी नाणी, खंजीर, कॉफीची पितळी भांडी, पोस्टाची तिकिटं. ते मूळ गुजरातचे, पण जन्म देऱ्यातला. बाबांना म्हणाले, "दो महीना बैठने दो लड़की को मेरे पास. घर में बैठेगी तो दिमाग खराब होगा." ते दोन महिने अजून चालूच आहेत.

त्याआधी दुकानात टुरिस्ट यायचे आणि विकत घ्यायचे. मंदी आली तसे येणारे बदलले. आता लोक विकायला यायचे. त्यांत बरेच गोरे साहेब होते, इंजिनिअर, सर्व्हेयर. चांगल्या दिवसांत त्यांनी हौसेने मेटल डिटेक्टर घेतलेला असायचा. शुक्रवारी फोर बाय फोर काढायची, डोंगराकडच्या वाडीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात जायचं, आणि कानाला हेडफोन लावून हळूहळू चालत राहायचं. कुई आवाज आला की खणायचं. दहापैकी नऊ वेळा पेप्सीच्या कॅनचं झाकण निघतं. दहाव्या वेळी शिशाची एक गोळी. नोकरी गेली की हे सगळं झिप लावलेल्या पिशव्यांमध्ये भरून, वाळूसकट, आमच्या काउंटरवर यायचं. जिथे खणायला बंदी आहे अशा जुन्या किल्ल्यांपाशी सापडलेलं आम्ही घ्यायचो नाही. बाकीचं बघायचो.

युसुफभाईंना नाण्यांतलं सगळं कळतं आणि गोळ्यांतलं काही कळत नाही. "सीसा है. वज़न करो, वज़न का पैसा दो, खलास." मला ते पटेना. लाजाळू माणसाला दुकानात दोनच कामं जमतात, वस्तू पुसणं आणि त्यांच्याबद्दल वाचणं. मी दोन्ही करत गेले.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. शिसं वर्षानुवर्षं मातीत राहिलं की त्यावर पांढरट, पिठासारखा थर चढतो. तो खरवडायचा नाही. खरवडलेली गोळी म्हणजे पॉलिश केलेलं जुनं नाणं, किंमत गेली. गोळी अगदी गोल असेल आणि तिच्यावर साच्याची शिवण दिसत असेल तर ती जुन्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या बंदुकीची. लांबट, हातात घेताच जड लागणारी असेल तर बहुतेक मार्टिनीची. मार्टिनी ही जुनी ब्रिटिश रायफल. डोंगराकडची माणसं अजूनही आजोबांची मार्टिनी घरात जपतात, लग्नात हवेत उडवतात. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो आणि उडालेल्या गोळीच्या अंगावर त्या पिळाचे ओरखडे उमटतात. भिंगाखाली ते मोजायचे, कॅलिपरने जाडी घ्यायची, सोनाराच्या काट्यावर वजन करायचं. की झालं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, "कुठे सापडली?" जागा नीट सांगता आली तर चाळीस दिरम, पाचशे रुपये धरा. नाही सांगता आली तर दहा. शिशाला किंमत नसते, ते कुठून आलं याला असते.

लोकांना मात्र आपल्याला खजिना सापडलाय असंच वाटत असतं. एक साहेब चामड्याच्या बॅगेतून पन्नासेक गोळ्या घेऊन आले. समुद्रकिनाऱ्यावर सापडल्या होत्या, आणि इथे मोठी लढाई झाली असणार असा त्यांचा सिद्धांत होता. मी एक उचलली. तिला आरपार भोक होतं. दुसरीलाही होतं. मी एकेक उचलून बघत राहिले, कारण माणसाला हे कसं सांगायचं ते मला सुचेना. शेवटी युसुफभाईच म्हणाले, "सर, दिस इज फॉर फिश." कोळ्यांच्या जाळ्याला बांधायची शिशाची वजनं होती ती. साहेब म्हणाले, "ऑल ऑफ देम?" युसुफभाई म्हणाले, "व्हेरी बिग वॉर, सर. फिश लॉस्ट."

त्या दिवसापासून युसुफभाईंनी ठरवूनच टाकलं की किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत जे काही गोळी म्हणून येतं ते मासे पकडायचं शिसं असतं.

पण एका बाबतीत ते मस्करी करत नसत. इंग्रजीत बुलेट वेगळी आणि कार्ट्रिज वेगळं. बुलेट म्हणजे नुसता पुढचा शिशाचा तुकडा, उडून गेलेला. कार्ट्रिज म्हणजे अख्खी वस्तू: पुढे गोळी, मागे पितळेची नळी, नळीत दारू, बुडाला टिकली. रायफलीचा घोडा त्या टिकलीवर आदळला की उडते. न उडालेलं कार्ट्रिज दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा युसुफभाईंचा कायदा होता. इथल्या सरकारचाही आहे, आणि तो फार कडक आहे. विमानतळावर तर नुसत्या शोभेच्या गोळीची की-चेन पकडली गेली तरी माणूस अडकतो.

हा फरक मला इंग्रजीत पक्का माहीत होता. मराठीत मला एकच शब्द येत होता, गोळी.

पुढच्या वर्षीच्या मार्चची अखेर होती. आपल्या शाळांच्या परीक्षा संपल्या की घरं रिकामी व्हायला लागतात, पण त्या वर्षी जणू इमारतीच रिकाम्या होत होत्या. मंडळाच्या ईमेलवर रोज सोफे, फ्रिज आणि सायकली विकायला असायच्या. दुपारी दुकानातला फोन वाजला.

"हॅलो, मी खळदकर बोलतोय. काल युसुफभाईंशी बोललो होतो, गोळीबद्दल. ते म्हणाले किमतीचं आमच्याकडची मराठी मुलगी सांगेल."

"बोला काका."

ते चाळिशीचेही नसावेत. पण माझ्यासारख्या मुलींना मराठी बोलणारा प्रत्येक पुरुष काकाच असतो, दुसरं काही म्हणायला आम्हाला शिकवलेलंच नसतं.

मागे गाडीचा आवाज येत होता. एक बाई म्हणत होती, "सानू, बेल्ट लाव." लहान मुलीचा आवाज, "आय ऑलरेडी डिड, आई."

"आम्ही कायमचे निघालोय आज," खळदकर म्हणाले. "इंटरनॅशनल सिटीतून टॅक्सी केलीय, एअरपोर्टलाच चाललोय. विकायची नाहीये हो गोळी. पण बाबांना दाखवायला नेतोय आणि ते पहिला प्रश्न विचारतील, किंमत काय? तेवढा एक आकडा द्या."

एका बांधकाम कंपनीत ते क्वांटिटी सर्व्हेयर होते, इमारतीला किती सिमेंट-लोखंड लागेल ते मोजायचे. ज्या ब्रिटिश मॅनेजरने त्यांना काढलं, त्याच्याच डिटेक्टरवर एका शुक्रवारी डोंगरातल्या हट्टा गावाच्या बाजूला त्यांना ही गोळी सापडली होती. मॅनेजर "कीप इट" म्हणाला होता. पुढच्या महिन्यात त्यालाही काढलं. आदल्या दिवशी त्यांनी दुकानात फोन करून युसुफभाईंना विचारलं होतं, "भाई, एक पुरानी गोली मिली है, इंडिया ले जा सकते हैं क्या?" आणि युसुफभाईंनी मासे डोळ्यांसमोर आणून उत्तर दिलं होतं, "अरे ले जाओ, उसमें क्या है, सीसा है."

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"रंग कसा आहे काका? पांढरट?"

"हिरवट. गंज चढलाय."

"आणि केवढी आहे? बोटाच्या एका पेराएवढी?"

"छे! अख्ख्या बोटाएवढी आहे. आणि गंमत सांगू का? बुडाला अक्षरं आहेत. के आणि एफ. मधे बाणासारखं काहीतरी. खडकी फॅक्टरीची आहे हो ही! माझे बाबा खडकीलाच होते, दारूगोळ्याच्या कारखान्यात. अख्खी नोकरी तिथे. ही बाबा लागायच्या आधीची असणार, पण कारखाना तोच. तिथे बनलेली वस्तू मला इथे वाळूत सापडावी, काय म्हणायचं याला?"

माझ्या हातातलं पेन टेबलावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. उडालेल्या गोळीच्या बुडाला अक्षरं नसतात. कधीच नसतात. अक्षरं पितळी नळीच्या बुडाला असतात.

"काका, ती गोळी नाहीये."

"म्हणजे? नकली आहे?"

"नकली नाही. ते कार्ट्रिज आहे."

"प्रिंटरचं?"

"नाही. ती... ती पूर्ण आहे. त्यात दारू आहे."

त्यांचा आवाज एकदम बदलला. "हे बघा, मी घेत नाही. फेअरवेलला एकाने बाटली दिली होती, ती मी शेजाऱ्यांना देऊन टाकली. आमच्या बॅगेत एक थेंब सापडणार नाही."

मागून त्याच बाईचा, म्हणजे खळदकर काकूंचा आवाज आला, "कसली बाटली? श्रीरंग, तू बाटली ठेवलीयस?"

"ती दारू नाही!" मी म्हणाले. आमच्या दुकानात तोपर्यंत कोणी माझा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. युसुफभाई आतल्या खोलीतून बाहेर आले. "काका, गोळी वर असते. खाली नळीत स्फोटाची दारू असते. बुडाला अक्षरं असतात. सगळं मिळून जे असतं, ते तुमच्याकडे आहे. त्याला मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही."

"काडतूस," ते म्हणाले. मग जरा वेळाने, अगदी हळू, "जिवंत काडतूस."

आई म्हणते की हे दोन शब्द पुण्याच्या पेपरात नेहमी जोडीनेच येतात, कोणाला तरी अटक झाल्याच्या बातमीत. खळदकरांनी ते आयुष्यभर वाचलेले असणार. घरात ज्याला गोळी म्हणायचे तीच ही वस्तू, हे त्यांचं त्यांना तो शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. आणि टॅक्सीवाला पठाण होता. मराठीतलं बाकी काही त्याच्या कानावरून गेलं असेल, पण हा एक शब्द गेला नाही.

"क्या बोला भाई साब? कारतूस? मेरी गाड़ी में कारतूस?"

कचकन ब्रेक लागल्याचा आवाज मला देऱ्यात ऐकू आला.

मग एकाच वेळी सगळे बोलायला लागले. काकू रडत विचारत होत्या की ते आहे कुठे. खळदकर म्हणाले मोठ्या सूटकेसमध्ये, मोज्यात गुंडाळून. ड्रायव्हर म्हणत होता उतरो, सब उतरो. मग काकूंचं स्पष्ट ऐकू आलं, "फेकून दे ना! इथेच फेक वाळूत, कोण बघतंय?" आणि खळदकर मला म्हणाले, "बरोबर आहे. फेकून देतो. पुढे कचऱ्याचा डबा दिसतोय. काय?"

मी युसुफभाईंकडे बघितलं. त्यांना एव्हाना सगळं समजलं होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नाही, मंदीतही नाही. "मैंने बोला था ले जाओ," ते म्हणाले. "मैंने ही बोला था." त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "खळदकर साब, सुनो. कचरे में नहीं डालना. कचरा उठानेवाला किसी का बाप है. गाड़ी इधर लाओ, मेरी दुकान पे. मैं पुलिस को फोन करता हूँ. गलती मेरी है, मैं बोलूँगा मेरी है."

पोलीस हा शब्द ऐकल्यावर काकूंनी फोन ओढून घेतला. "भाईसाब, आमचा व्हिसा कॅन्सल झालाय. घर नहीं है, चावी दे दी. आज नहीं गए तो हम कहाँ जाएँगे? पुलिस मत बुलाओ, आपके पाँव पड़ती हूँ."

युसुफभाईंनी फोन माझ्याकडे दिला. एअरपोर्टच्या दारातच बॅगा एक्स-रेमधून जातात, हे त्यांनाही माहीत होतं. मी एवढंच म्हणाले, "काकू, ते मशीनने शोधलं तर ते लपवलेलं असेल. आपण दाखवलं तर ते सापडलेलं असेल."

एवढं लांब मराठी वाक्य मी आईशीसुद्धा न अडखळता बोलत नाही.

पठाणाने त्यांना उतरवलं नाही. पुढे खळदकरांनी सांगितलं की तो दोन मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला, मग म्हणाला, "बच्ची है साथ में. यल्ला, चलो देरा." आणि इतक्या हळू गाडी चालवली की मागच्या बसवाल्यांनी शिव्या घातल्या.

आमच्या दुकानापासून विमानतळ जवळ आहे, तेवढं एक बरं होतं. पण काडतूस उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही हा नियम युसुफभाईंनी त्या दिवशीही मोडला नाही. त्यांनी दुकानातल्या खुर्च्याच बाहेर फुटपाथवर काढल्या. सूटकेस समोरच्या बंद दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली, तिच्यापासून लांब आम्ही सगळे ओळीने बसलो, खळदकर, काकू, आठ वर्षांची सानिका, मी आणि पठाण. पठाणाला पैसे घेऊन जाता आलं असतं, तो गेला नाही. युसुफभाईंनी चहा मागवला. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, पाहुणे आलेत आणि सूटकेस रुसून बसलीय.

सानिकाने मला विचारलं, "इज इट गोइंग टू बर्स्ट?"

"नो," मी म्हणाले. "इट्स व्हेरी ओल्ड अँड व्हेरी लेझी." मला खात्री नव्हती.

खळदकर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "हलवून बघितली होती मी. काही वाजलं नाही. वाटलं, आतली दारू मेली असेल." मग म्हणाले, "इथे सात वर्षं काढली. टॉवर मोजले. नेण्यासारखं एवढंच वाटलं."

तिन्ही पासपोर्ट काकूंनी दोन्ही हातांत धरले होते.

पोलीस दोघे आले. एक इमिराती ऑफिसर, तरुण, शांत. दुसरा हातमोजे घालून आला होता. सूटकेस त्या दुसऱ्याने फुटपाथवर आडवी करून उघडली. कुकर, सानिकाच्या ट्रॉफ्या, लोणच्याची बरणी पाच-सहा पिशव्यांत बांधलेली, काकूंचे कपडे. देऱ्यातले सगळे हमाल बघत उभे. काकू ओढणी घेऊन पुढे झाल्या आणि कपड्यांवर आडवी धरून उभ्या राहिल्या. ऑफिसरने ते बघितलं आणि हमालांना हाताने जायला सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस ऐकून घेईल.

मोजा निघाला. मोज्यातून ते निघालं. हिरवं, लांब, टोकदार.

"वाय यू टेक धिस?" ऑफिसरने विचारलं.

खळदकर उभे राहिले. घाबरल्यावर चांगल्या माणसाचं इंग्रजी जातं. "सर, माय फादर मेक धिस."

ऑफिसरचा चेहरा बदलला. "युअर फादर मेकिंग बुलेट? व्हेअर? इन युअर हाउस?"

मी उठले. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मला नेहमी एकच शेरा मिळायचा, आवाज कमी. मी सांगायला सुरुवात केली: त्यांचे वडील सरकारी कारखान्यात कामगार होते, रिटायर झाले आहेत.

"लाउडर, प्लीज."

मी मोठ्याने सांगितलं. कारखाना कुठला, के आणि एफ म्हणजे काय, ते वाडीत कसं सापडलं, ह्यांना मराठीत एकच शब्द का पुरला. काल कोणी न बघताच काय सांगितलं, ते युसुफभाईंनी अरबीत स्वतःच सांगितलं, छातीवर हात ठेवून.

ऑफिसरने ते हातमोज्यातल्या हातावर उलटं करून अक्षरं बघितली. मग त्याला काहीतरी आठवलं असावं. म्हणाला, आजोबांकडे अशी होती, ते इंडियाचीच चांगली म्हणायचे. आणि खळदकरांकडे बघून थोडं हसला. "बट धिस वन नो फायर. युअर फादर, बॅड वर्क?"

खळदकरांना ते हसणं कळलं नाही. त्यांचा चेहरा असा पडला, की नोकरी गेली तेव्हाही तसा पडला नसेल.

"नो," मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "सर, प्लीज लुक अॅट द कॅप." मी बुडाच्या टिकलीकडे बोट केलं, लांबून. उडवायचा प्रयत्न झाला असता तर टिकलीवर घोड्याचा खड्डा पडला असता. टिकली सपाट होती. "नोबडी फायर्ड इट. समबडी ड्रॉप्ड इट. देअर इज नथिंग राँग विथ द वर्क."

ऑफिसरने बघितलं, त्या दुसऱ्याला दाखवलं. मग तो बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. पासपोर्ट मागून घेतले, परत फोन केला. काकूंच्या हातांत आता काहीच धरायला नव्हतं, म्हणून त्यांनी माझा हात धरला. पठाण पुटपुटत होता, बहुतेक दुआ मागत होता. मी विमानाच्या वेळेचा विचार न करण्याचा प्रयत्न करत होते.

ऑफिसर परत आला. पासपोर्ट काकूंच्या हातात दिले. "यू टोल्ड अस. गुड. धिस स्टेज हिअर. खलास." मग सानिकाकडे बघून, "यू हॅव फ्लाइट, नो? यल्ला, गो, गो."

मग काकू खाली बसून सगळं एकदम सूटकेसमध्ये कोंबायला लागल्या, कुकर, ट्रॉफ्या, एक मोजा. पठाणाने सूटकेसवर गुडघा टेकवून झाकण लावलं. खळदकर युसुफभाईंना मिठी मारत होते आणि युसुफभाई म्हणत होते, "मुझे माफ करो, माफ करो, अब जाओ."

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी फुटपाथवरच्याच खुर्चीत बसले. युसुफभाई शेजारी बसले आणि त्यांनी चहाचा थंड झालेला कप एका घोटात संपवला. संध्याकाळी खळदकरांचा फोन आला, "बॅग गेली. आम्ही पण आत आलो. बसलोय." मागे सानिका चिप्स मागत होती. मी बाबांना लगेच फोन केला. त्यांना वाटलं मला प्रमोशन मिळालं, इतकी मी हसत होते.

त्या दिवसानंतर युसुफभाई गोळीबद्दल फोनवर एक शब्द बोलत नाहीत. "मेरी मैडम से बात करो," म्हणतात. मीही आता प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारते, इंग्रजी, हिंदी, मराठी, सगळ्यांत. बुडाला काही लिहिलंय का? एक हळहळ मात्र आहे. इतकी चांगली वस्तू, सापडल्याची जागा माहीत असलेली, मी भिंगाखाली एकदाही बघितली नाही.

काही दिवसांनी पुण्याहून फोन आला. खळदकर म्हणाले, बाबांना बोलायचंय. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, खणखणीत, कानाने कमी ऐकणाऱ्याचा.

"तुम्ही का त्या? तुमचं नाव काय ते सांगितलं यानं, पण मी मुलगीच म्हणतो. मुली, ऐक. आमच्या गेटवर रोज झडती व्हायची. येताना, जाताना. खिसे, डबा, चपला. अख्ख्या नोकरीत मी तिथून टाचणीसुद्धा बाहेर आणली नाही. आणि हा गाढव मला अख्खं काडतूस आणून देणार होता, घरात, दिवाणखान्यात!"

मी "हो आजोबा" म्हणाले.

"अडवलंस ते फार बरं केलंस. नाहीतर मीच त्याला उंबऱ्यातून परत पाठवला असता." पलीकडे कोणीतरी हसलं, बहुतेक काकू. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "टिकली बघितलीस म्हणे तू. सपाट होती ना? नक्की?"

"नक्की, आजोबा. एकदम सपाट."

"असणारच," ते म्हणाले, आणि फोन मुलाकडे न देताच ठेवून दिला.